एल्को, नेव्हाडा : मेंढपाळांची खाणावळ, खोगीराचं दुकान आणि शंभर वर्षं टिकलेलं बरंच काही

रुबीच्या_पायथ्याशी

मंडळी, गेल्या महिन्यात चार वर्षांनी एल्कोला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. एल्को म्हणजे नेव्हाडाच्या ईशान्य कोपऱ्यातलं वीसेक हजार वस्तीचं गाव. बे एरियातून आय-८० महामार्गाने सॉल्ट लेक किंवा यलोस्टोनला गाडीने गेलेले इथे बरेच जण असतील, त्यांनी एल्कोत गॅस भरला असेल, पोरांना बाथरूमला नेलं असेल आणि पुढे निघाले असतील. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं होतं. नंतर नवऱ्याला तिथल्या सोन्याच्या खाणीत नोकरी लागली आणि मग सात वर्षं राहिलो, मुलगी तिथल्या शाळेत गेली, मी तिथे बर्फात गाडी चालवायला शिकले.

गाव रेल्वेने वसवलं. १८६८ च्या अखेरीस सेंट्रल पॅसिफिकचे रूळ टाकत टाकत तिथे पोचले आणि तंबूंचं गाव उभं राहिलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या दोन्ही टोकांचे रूळ जोडले गेले आणि बाकीची अशी तंबूवाली गावं उठून गेली, एल्को राहिलं. पूर्वी रूळ गावाच्या अगदी मधून जायचे, नंतर ते बाजूला हलवले. आता त्या जागी पार्किंग आहे, म्हणून डाउनटाउन नको इतकं रुंद वाटतं, का ते नव्या माणसाला कळत नाही.

मला लिहायचंय ते स्टार हॉटेलबद्दल. सिल्व्हर स्ट्रीटवर साधी दुमजली इमारत, बाहेरून बघून आत जावंसं वाटेल असं काही नाही. १९१० साली पीट हौरेगी नावाच्या बास्क माणसाने बांधलं. बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातले लोक, त्यांची भाषा युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही. तिथली तरुण पोरं नेव्हाडात मेंढरं राखायला यायची. हौरेगी स्वतः आधी मेंढपाळच होता. पोरगं रेल्वेतून उतरायचं, इंग्रजी एक शब्द येत नाही, हातात हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी. स्टेशनपासून चालत हॉटेलात, आणि तिथे आत शिरल्यावर आपली भाषा, आपल्याकडचं जेवण. मालकच त्याला काम बघून द्यायचा, पत्र लिहून द्यायचा, पैसे सांभाळून ठेवायचा, दवाखान्यात दुभाष्या म्हणून जायचा. उन्हाळाभर पोरगं डोंगरात, त्याचा एकुलता एक चांगला सूट आणि बूट हॉटेलच्या माळ्यावर ट्रंकेत. हिवाळ्यात काम नसलं की परत तिथेच. काही जण म्हातारे होऊन तिथल्याच खोलीत वारले.

आता खोल्यांचं ते राहिलं नाही, पण जेवण तसंच चालू आहे. लांब टेबलं, अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. आधी सुपाचं मोठं भांडं येतं, सगळ्यांनी त्यातूनच वाढून घ्यायचं, मग सॅलड, ब्रेड, बीन्स, फ्राईज, आणि हे सगळं झाल्यावर तुमचं मटण नाहीतर स्टेक, वर लसणाचा मारा. टेबल रिकामं होईपर्यंत बारपाशी थांबायचं आणि पिकॉन पंच घ्यायचा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते. त्यांनी सुपाचं भांडं माझ्याकडे सरकवलं, मी थोडंसंच घेतलं तर परत डाव उचलला आणि माझ्या वाडग्यात ओतला, न विचारता. माझ्या आजीने केलं असतं अगदी तसं. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा मला, आणि तोपर्यंत परक्या कुणी मला असं वाढलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी अशा जुन्या जागा पाहिल्यात का, तिकडच्या छोट्या गावांमधल्या? आणि त्या का टिकतात असं वाटतं?

वळणवाट

ताई, अगदी आम्हीच ते गॅस भरून पुढे गेलेले. तीनदा गेलोय एल्कोवरून, तिन्ही वेळा इंटरस्टेटच्या कडेच्या मोटेलात झोपलो आणि सकाळी निघालो. गावाच्या आत काही असेल असं मनातच आलं नाही आणि याचं आता वाईट वाटतंय. येत्या जुलैत परत जातोय. बायको पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, तिला काही मिळेल का? आणि पिकॉन पंच म्हणजे काय असतं?

रुबीच्या_पायथ्याशी

@वळणवाट, सॅलड, ब्रेड, फ्राईज यावर पोट भरतं पण सूप आणि बीन्सबद्दल दर वेळी विचारून घ्या, बास्क पद्धतीत बीन्समध्ये बहुतेक वेळा मांस असतंच आणि सुपाचं पाणीही तसंच. स्पष्ट विचारलं की स्पष्ट सांगतात, कुणी तोंड वाकडं करत नाही.

पिकॉन पंच हे बास्क अमेरिकन लोकांचं पेय, बास्क प्रांतात ते या रूपात नाही. मूळ फ्रेंच कडवट लिकर आमेर पिकॉन, ते आता अमेरिकेत मिळत नाही म्हणून कॅलिफोर्नियातल्या तोरानी कंपनीचं आमेर वापरतात. दांडीचा छोटा ग्लास, त्यात बर्फ, थोडं ग्रेनाडीन (लाल गोड सरबत), मग आमेर, सोडा, आणि वरून ब्रँडी अलगद सोडायची म्हणजे ती वरच तरंगते, शेवटी लिंबाची साल पिळून आत. बारटेंडर हे सगळं बोलता बोलता करतो, हाताकडे बघतही नाही. एकच घ्या. चवीला कडू-गोड लागतं आणि दुसरा प्यायल्यावर कळतं की पहिलाच पुरेसा होता.

गिरणगावची

रुबी, तुझं लिखाण वाचून मी ऑफिसात डोळे पुसले. माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. एका खोलीत, दहा बाय बाराची असेल, सकाळी चारला स्टोव्ह पेटायचा. पहिल्या पाळीची माणसं सातच्या आत गिरणीत जायची म्हणून डबे त्याआधी. गावाकडून पोरगा आला की पहिल्यांदा गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकायला जागा आणि दुसरं म्हणजे खाणावळ. जेवणाचे पैसे महिन्याने, पगार झाला की. पत्ता खाणावळीचा! गावावरून मनीऑर्डरची पावती यायची ती आजीकडे, पत्र यायचं ते आजीकडे, आणि आजीला वाचता यायचं म्हणून वाचून पण तीच दाखवायची. कुणाची आई गेली हे त्या पोराच्या आधी आजीला कळायचं, मग ती त्याला आधी जेवू घालायची आणि नंतर सांगायची.

म्हणजे ते स्टार हॉटेल म्हणजे खाणावळच की ग. तू हॉटेल म्हणतेस म्हणून काहीतरी वेगळं वाटतं.

एक विचारू का, तिथे रांधणाऱ्या बाया कोण होत्या? आमच्याकडे खाणावळवाल्या बायांचं नाव कुठेच नसायचं, १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तोपर्यंत सावकार.

रुबीच्या_पायथ्याशी

@गिरणगावची, खाणावळच! मी आता हाच शब्द वापरणार.

आणि तू बरोब्बर विचारलंस. कागदोपत्री हौरेगीचं नाव पुढे येतं पण त्याची बायको मातिल्दे त्याच्या बरोबरीने होती आणि सगळ्याच बास्क हॉटेलांची तीच गोष्ट. स्वयंपाक, चादरी, आजारपण, बाळंतपणं पण! डोंगरातल्या रँचवरच्या बास्क बायका दिवस भरत आले की गावात हॉटेलवर येऊन राहायच्या. कामाला मायदेशातून मुली आणायच्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायच्या, आणि त्यांची लग्नं तिथल्याच बोर्डर मेंढपाळांशी जमायची. अर्ध्या नेव्हाडातल्या बास्क घराण्यांची सुरुवात अशा कुठल्यातरी हॉटेलच्या जेवणघरात झालेली आहे.

सह्यकडा

माझ्या गावाकडे (फलटण भाग) धनगरांचे वाडे दिवाळीनंतर खाली कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरतात, त्यामुळे हा विषय एकदम घरचा वाटला. फरक एवढाच दिसतोय की आपल्याकडे धनगर बायकापोरांसकट, घोड्यावर बिऱ्हाड घालून जातो, शेतात मेंढरं बसवतो, शेतकरी त्याबदल्यात धान्य देतो, म्हणजे वाटेत माणसं भेटत राहतात. हा बास्क पोरगा मात्र एकटा, हजार-दीड हजार मेंढरं, एक-दोन कुत्री आणि आठवड्यातून कधीतरी सामान घेऊन येणारा माणूस. मी एकदा फोटोंमध्ये पाहिलं होतं की ते लोक झाडांवर नावं कोरायचे, ते तिथलंच का?

रुबीच्या_पायथ्याशी

@सह्यकडा, हो दादा, तिथलंच. रुबी पर्वतात आणि उत्तरेकडे जार्बिजकडे ॲस्पेनची बनं आहेत, पांढऱ्या गुळगुळीत सालीची झाडं. आम्ही लमॉइल कॅनियनच्या वरच्या बाजूला दर ऑक्टोबरात पानं पिवळी झाली की जायचो. कोरणं म्हणजे खोल खणणं नाही. चाकूच्या टोकाने केसाएवढी बारीक रेघ ओढायची, त्या दिवशी ती दिसतही नाही. झाड ती जखम भरतं आणि काही वर्षांनी तीच रेघ काळी, जाड होऊन वर येते. म्हणजे ज्याने कोरलं त्याला ते नीट वाचायला मिळालं असेल तर पुढच्या कुठल्यातरी उन्हाळ्यात, परत त्याच चरणीला आला तर. नाव, साल, गावाचं नाव, कुठे घर, कुठे बाई, कुठे नुसतं ‘एकटा आहे’ अशा अर्थाचं काहीतरी. मी मुलीला वर उचलून एका झाडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावलं होतं, रेघ चक्क हाताला लागते, व्रणासारखी.

ॲस्पेन फार जगत नाही, ऐंशी-शंभर वर्षं. म्हणजे १९१०-२० ची झाडं आता पडतायत. अभ्यासक फोटो काढून, सालीवर कापड लावून ठसे घेऊन नोंदी करतायत, पण बनं खूप आहेत आणि माणसं थोडी.

हे एकट्या माणसाचं मोकळं फिरणं १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने संपत आलं, सरकारी जमिनीवर चराईचे परवाने आले आणि ज्याच्या नावावर जमीन नाही त्या फिरत्या मेंढपाळाला जागाच उरली नाही. आता जी थोडी मेंढरं आहेत ती राखायला पेरूमधून माणसं येतात, व्हिसावर.

सह्यकडा

ही माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार. चराईबंदीवरून आपल्याकडेही हेच चाललंय, फॉरेस्टवाल्यांशी रोजची भांडणं. भाकरीचं काय करायचे ते? आमच्याकडे तीन दगडांवर तवा.

रुबीच्या_पायथ्याशी

त्यांचा मेंढपाळी ब्रेड! जमिनीत खड्डा करायचा, त्यात निखारे, त्यावर झाकणाचं बिडाचं भांडं, आत मळलेलं पीठ, वरून परत निखारे आणि माती. तास-दीड तासाने गोल घुमटासारखा ब्रेड. कापायच्या आधी सुरीने त्यावर क्रूस काढायचा आणि पहिला तुकडा कुत्र्याला. जुलैच्या चार तारखेच्या सुमारास एल्कोत बास्क लोकांचा राष्ट्रीय उत्सव असतो, १९६४ पासून चालू आहे, त्यात या ब्रेडची स्पर्धा असते. शिवाय लाकडं फोडायची, वजन उचलून पळायची. @वळणवाट, तुम्ही जुलैत जाताय ना, तारखा जुळवा.

रापी_आणि_आरी

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. ताईंनी शीर्षकात खोगीराचं दुकान म्हटलंय पण त्याबद्दल काहीच नाही आलं अजून. आमच्या घरी कोल्हापुरात तीन पिढ्या चपलांचं काम, मी स्वतः आता बॅगा आणि पट्टे करतो. खोगीर करणारी माणसं अजून हाताने काम करतात का तिकडे?

रुबीच्या_पायथ्याशी

@रापी_आणि_आरी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं, कारण त्या दुकानात मला जे कळलं नाही ते तुम्हाला कळेल.

कमर्शियल स्ट्रीटवरचं कॅप्रिओला. त्याची मुळं आणखी मागे जातात. जी. एस. गार्सिया म्हणून कॅलिफोर्नियातला मेक्सिकन वंशाचा कारागीर १८९० च्या दशकात एल्कोत आला आणि त्याने खोगीर, लगामाचे तोंडातले तुकडे, स्पर (घोडेस्वाराच्या टाचेला लावायचे काटे) असं सगळं करायला सुरुवात केली. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या खोगीराला सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी पोर्टलंडच्या प्रदर्शनातही. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या जो कॅप्रिओलाने १९२९ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. पुढे मालक बदलले, नाव तेच राहिलं, आणि गार्सियाच्या नावाचे लगाम आणि स्पर आजही तिथूनच निघतात. खाली दुकान, वर खोगीरांचं काम.

मी वर गेले होते. आधी लाकडाचा सांगाडा, त्याला ते ट्री म्हणतात, त्यावर कच्चं कातडं ओलं असताना शिवून चढवलेलं, वाळल्यावर ते असं आवळतं की लाकूड फुटू शकत नाही. त्यावर मग जाड चामडं. एक माणूस पाकळ्या काढत होता. चामडं आधी ओलसर केलेलं, फार ओलं नाही, रंग परत फिका व्हायला लागला की काम सुरू. बोटाच्या पेरावर मान टेकवलेली छोटी फिरती सुरी, तिने वेलबुट्टीची रेघ, मग एकेका ठशावर मोगरीचा ठोका. टक टक टक, सगळे ठोके एका वजनाचे. मी विचारलं एकाला किती दिवस लागतात, तर म्हणाला ऑर्डर दिलीत तर आधी थांबायला शिका.

रापी_आणि_आरी

रंग फिका व्हायला लागला की काम सुरू!! ताई, माझे वडील हेच म्हणायचे. चामड्याला घाम फुटला की हात लावू नको, घाम सुकायला लागला की लाव. वेगळा देश, वेगळं जनावर, वेगळं कमावणं (आम्ही हिरडा-बाभळीत कमावलेलं वापरतो) आणि गोष्ट एकच. आज दुकानात मुलाला वाचून दाखवलं हे.

एक सांगतो. दुकान टिकलं ते पदकामुळे नाही टिकलं. गार्सियाच्या हाताखालचा माणूस बाहेर पडून स्वतःचं दुकान काढू शकला म्हणून टिकलं. आमच्याकडे एका मोठ्या व्यापाऱ्याने वीस वर्षं आमच्याकडून माल घेतला आणि आमचा शिक्का मारू दिला नाही, त्याचाच शिक्का. त्याने धंदा बदलला त्या दिवशी आमच्या गल्लीतली चार घरं बसली, कारण बाहेर आम्हाला कोणी ओळखतच नव्हतं. वडिलांनी त्या वर्षी हत्यारं गुंडाळून फळीवर ठेवली होती, मी ती २०११ साली परत काढली.

खडक_आणि_मी

सगळ्यांचं वाचून छान वाटतंय पण एक वेगळं म्हणणं मांडतो, राग मानू नये. मी भूगर्भवाला आहे, एल्कोजवळच्या कार्लिन या सोन्याच्या पट्ट्यात दोन वर्षं काम केलंय. एल्कोतलं जुनं सगळं टिकलं त्याचं मोठं कारण सोनं आहे. तिथलं सोनं डोळ्याला दिसतच नाही, इतके सूक्ष्म कण खडकात विखुरलेले, जुन्या काळचे लोक पाटीत माती धुवून सोनं शोधायचे त्यांच्या पायाखाली ते होतं आणि कळलं नाही. १९६५ मध्ये न्यूमाँट कंपनीची कार्लिन खाण सुरू झाली, पुढे सोन्याचे भाव चढले आणि १९८० नंतर गाव भराभर वाढलं. नेव्हाडातली कितीतरी रेल्वेची, चांदीची गावं उजाड झालीत, तिथेही खाणावळी होत्या आणि तिथेही प्रेमाने वाढणारे लोक होतेच की. गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा असला तर दुकान राहतं.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण १९१० ला जुनं म्हणतोय. तो सगळा मुलूख वेस्टर्न शोशोनी लोकांचा, ते स्वतःला नेवे म्हणतात. १८६३ साली रुबी व्हॅलीत त्यांच्याशी करार झाला, त्यात जमीन विकल्याचा शब्द नाही, जाण्यायेण्याची आणि खाणकामाची वगैरे मुभा दिली होती. तरी पुढे ती जमीन त्यांच्या हातात राहिली नाही. एल्कोच्या कडेला त्यांची वसाहत आहे, १९१८ पासून, टे-मोक जमातीचा एल्को बँड, म्हणजे तिथला गट. मी ज्या खाणीत काम केलं तिथले माझे एक सहकारी त्या वसाहतीतले होते. त्यांच्या आजीने त्याच डोंगरात पाइन नट गोळा केलेले. गावातल्या जुन्या संस्था म्हणताना तीही धरायला हवी, वसाहत १९१८ ची असली तरी ती माणसं तर या सगळ्यांच्या आधीची.

रुबीच्या_पायथ्याशी

@खडक_आणि_मी, राग कसला, तुमचं दुसरं म्हणणं शंभर टक्के मान्य आणि माझ्या मूळ पोस्टमध्ये ते यायला हवं होतं, ‘रेल्वेने गाव वसवलं’ हे वाक्य मी फार सहज लिहून गेले. मुलीच्या वर्गात वसाहतीतली दोन मुलं होती आणि शाळेच्या कार्यक्रमात त्यांच्या आजीने शोशोनी भाषेत प्रार्थना म्हटली होती, मला ती अजून आठवते.

पहिलं मात्र अर्धंच मान्य. सोन्याचा पैसा आला हे खरं, आमचं घरही त्यावरच चाललं. पण पैसा आल्यावर जुनं पाडून नवं बांधणंही सोपं होतं ना? त्याच पैशाने चकचकीत चेन रेस्टॉरंटं आली, मोठी दुकानं आली. १९३६ साली एका बास्क माणसाने काढलेलं अनाकाबे जनरल मर्चंडाइज हे दुकान मी होते तेव्हा होतं, मोठ्या चेन दुकानापेक्षा चार पैसे जास्तच पडायचे पण खाणीतले लोक कामाचे बूट तिथूनच घ्यायचे. मालकीणबाई पाय हातात घेऊन अंगठ्यापाशी दाबून बघायच्या. नवऱ्याला त्यांनी त्याने मागितलेला जोड दिलाच नाही, म्हणाल्या हे तुझ्या पायाला नाहीत, आणि स्वस्तातला दिला. तो जोड पाच वर्षं टिकला.

एक उदाहरण देते पैसा नसतानाचं. नेव्हाडाची युनिव्हर्सिटी मुळात १८७४ साली एल्कोत सुरू झाली! मुलं मिळेनात म्हणून १८८५ मध्ये रीनोला नेली. गावाने ते मनात ठेवलं. १९६७ साली गावकऱ्यांनी पैसे गोळा करून स्वतःचं कम्युनिटी कॉलेज काढलं, राज्यातलं पहिलं. राज्य सरकार पैसे देईना, बंद पडायला आलं तेव्हा अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजने अडीच लाख डॉलर दिले आणि ते तरलं. आज ते ग्रेट बेसिन कॉलेज. मी तिथेच अकाउंटिंगचे कोर्स केले. सोन्याची मोठी भरभराट त्यानंतरची आहे.

ओवीगंध

मला एल्को माहीत आहे ते काउबॉय कवितांमुळे! कुणीच कसं काढलं नाही अजून? १९८५ पासून जानेवारीच्या अखेरीस तिथे काउबॉय कवींचं संमेलन भरतं, जानेवारी अशासाठी की तेव्हा रँचवर त्यातल्या त्यात काम कमी, थोड्याच आठवड्यांत गाई व्यायला लागतात की मग उसंत नाही. २००० साली अमेरिकन सिनेटने ठराव करून त्याला ‘नॅशनल’ म्हटलं. मंगोलिया, हंगेरी अशा ठिकाणचे घोडेवाले आणि गुराखी पाहुणे म्हणून येऊन गेलेत.

मी २०१८ साली गेले होते, उणे तापमानात. जुन्या पायोनियर हॉटेलच्या इमारतीत वेस्टर्न फोकलाइफ सेंटर आहे, तिथे एका छोट्या खोलीत पन्नासेक माणसं. एक रँचवाल्या बाई उठल्या, हातात कागद नाही, टोपी काढून मांडीवर ठेवली होती ती खुर्चीत ठेवली आणि दहा मिनिटं यमकात बोलत राहिल्या, वासरू अडलेल्या गाईबद्दल. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मला आमच्या पट्टणकोडोलीच्या यात्रेतले ओव्या म्हणणारे आठवले, ‘सुंबरान मांडलं’ म्हणून सुरू करतात आणि मग ढोलाच्या तालावर तासन्‌तास. जनावरांमागे चालणाऱ्या माणसाला पाठच ठेवावं लागतं, वही कुठे सांभाळणार तो.

सह्यकडा

@ओवीगंध, सुंबरान! वाचून अंगावर काटा आला. एकदा आपल्याकडच्या ओवीकरांना तिथे नेता आलं तर.

वळणवाट

मी एवढ्यात नकाशा उघडून बघितलं, फोकलाइफ सेंटर, कॅप्रिओला आणि स्टार, सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि आम्ही तीनदा नुसते बाहेरून गेलो. ताई, त्या पांढऱ्या अस्वलाचं खरं आहे का? मित्र सांगत होता.

रुबीच्या_पायथ्याशी

खरंय, कमर्शियल हॉटेलातलं, पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल, दहा फुटांहून उंच, काचेच्या कपाटात उभं असायचं. माझ्या मुलीला त्याची भीती वाटायची. त्या हॉटेलाची खरी गोष्ट वेगळी आहे, १९४१ साली मालकाने तेव्हाचा नावाजलेला गायक टेड लुईस आणि त्याचा वाद्यवृंद आणला, नेव्हाडातल्या कसिनोंमध्ये मोठ्या नावाचे कलाकार बोलवायची पद्धत तिथून पडली असं मानतात. वेगासच्या आधी एल्को!

आणि हो, एल्को डेली फ्री प्रेस हा पेपर १८८३ पासूनचा. आम्ही सॉल्ट लेकला आलो तरी मी ऑनलाइन वाचते, आधी निधनवार्ता बघते. गेल्या वर्षी त्यात एक फोटो दिसला आणि मला ओळखायला जरा वेळ लागला कारण तो तरुणपणीचा होता. माझ्या वाडग्यात सूप ओतणारे आजोबा. पंचवीस वर्षं मेंढरं राखली होती. मला त्यांचं नावही तेव्हाच कळलं. गेल्या महिन्यात गेले ती खरं तर त्यासाठी. स्टारमध्ये त्याच टेबलाला जागा मिळाली, समोर एक कॉलेजातला मुलगा बसला होता, बहुतेक पहिल्यांदाच आलेला, भांडं पुढे आल्यावर किती घ्यायचं या विचारात पडला. मी डाव उचलला आणि त्याला वाढलं.

गिरणगावची

रुबी, काल रात्री तुझं हे वाचलं आणि आज सकाळी ठाण्याला आईकडे गेले, माळ्यावरची पेटी काढायला लावली. आजीची वही मिळाली. लाल कापडी बांधणीची, कोपरे कुरतडलेले, पण अक्षर स्वच्छ. प्रत्येक पानावर वर नाव, खाली गाव आणि तालुका, गिरणीचं नाव, मग महिन्याच्या रकमा आणि पोच झाल्यावर एक तिरकी रेघ.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला तिथून रेघा थांबतात. रकमा मात्र थांबत नाहीत. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, जेवण चालूच, पैसे नाहीत. पावसाळ्यापर्यंत एकेका पानावर आजीने शेवटी दोन शब्द लिहिलेत. आईला मी विचारलं यातले किती परत आले. आई म्हणाली गणपतीला कुणी ना कुणी यायचं, नारळ घेऊन, पैसे घेऊन, काही जण तर आजी गेल्यावरही आले. तेवीस पानं मोजली मी, सगळ्यांवर तेच लिहिलंय.

‘गावी गेला.’

आणि रेघ मारायला पुढे जागा सोडलेली.